बिनदेखभालीच्या घराचा हिशेब

निवृत्तीनंतर मुंबई-ठाण्याची दाटी सोडून रत्नागिरी, मालवण किंवा अलिबागसारख्या समुद्रकाठच्या गावी दोन खोल्यांची सदनिका घ्यावी, ही इच्छा अनेक शिक्षक आणि कारकून मंडळी वर्षानुवर्षे बाळगून असतात. तीत गैर काय आहे? वडिलोपार्जित कौलारू घराचा व्याप त्यांनी लहानपणी पाहिलेला असतो. वैशाखात घर शाकारायला माणूस शोधायचा, फुटकी कौले बदलायची, वाळवीने खाल्लेला वासा काढायचा, झडीच्या बाजूला झापे बांधायचे आणि हे सारे दर वर्षी करायचे. साठीनंतर ते झेपत नाही. शाकारणारा माणूसही आता सहजी मिळत नाही. तेव्हा कुलूप लावून केव्हाही निघता येईल अशा घराची ओढ वाटणे स्वाभाविकच. विकणारेही नेमके तेच सांगतात: येथे देखभालीची कटकट नाही.

वस्तुतः कटकट संपलेली नसते, ती दिसेनाशी झालेली असते. कौल फुटले की त्याच पावसात थेंब अंगावर पडतो आणि मालकाला जाग येते. काँक्रीटच्या पोटातील सळई मात्र मुकाट्याने गंजते. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यातील क्षार ओलाव्याबरोबर काँक्रीटमध्ये झिरपतात, सळईवरील संरक्षक थर मोडतात. गंजलेले लोखंड फुगते आणि भोवतालचे काँक्रीट फोडते. छताचा पापुद्रा खाली पडतो तेव्हा रोग बराच जुना झालेला असतो. त्यावर रंगाचा हात फिरविणे हा उपचार नव्हे, पण सर्रास होतो तो तोच!

हे कोणाला ठाऊक नाही असेही नाही. भारतीय मानक ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीत सागरी वातावरणास उघड्या असलेल्या प्रबलित काँक्रीटसाठी किमान एम-३० प्रत आणि सळईवर ४५ मिलिमीटरचे आच्छादन सांगितले आहे; सौम्य हवामानात हेच आच्छादन २० मिलिमीटर चालते. परंतु सदनिका पाहायला गेलेला गृहस्थ फरशी आणि नळ पाहतो, सळईवरचे आच्छादन कोण विचारतो?

दुसरा प्रश्न पैशाचा आहे, आणि तेथेच मध्यमवर्गीय काटकसर अंगाशी येते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार दुरुस्ती निधीसाठी बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंडासाठी किमान पाव टक्का रक्कम दर वर्षी जमवावयाची असते. बांधकाम खर्च वीस लाख धरला तर ही रक्कम वर्षाला वीस हजार, म्हणजे महिन्याला सुमारे सतराशे रुपये होते. वार्षिक सभेत हा आकडा निघाला की बंद सदनिकांचे मालक 'आम्ही राहतच नाही, आम्ही का भरावे?' असे विचारतात. खारा वारा कुलूप पाहून परत फिरत नाही, हे त्यांना सांगावे लागते. उलट बंद घरातील दमट हवा आणि न दिसलेली गळती यांमुळे त्यांचीच सदनिका आधी खराब होते.

दुरुस्ती लांबणीवर टाकण्याचा प्रकार केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात सर्फसाइड या समुद्रकाठच्या गावी १९८१ साली बांधलेल्या बारा मजली इमारतीचा मोठा भाग २४ जून २०२१ रोजी कोसळला आणि ९८ माणसे दगावली. जलरोधनातील गंभीर दोष आणि काँक्रीटची हानी अभियंत्याने २०१८ मध्येच दाखविली होती. मधली वर्षे खर्च किती व कोणी सोसायचा या वादात गेली. तेथील मालक काही अडाणी नव्हते.

२०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने ताबा दिल्यापासून पाच वर्षांपर्यंत बांधकामातील दोष विनामूल्य दूर करण्याची जबाबदारी विकासकावर टाकली आहे. तरतूद चांगली आहे. परंतु क्षारांचे काम बहुधा पाच वर्षांनंतरच डोळ्यांना दिसते. म्हणून किनाऱ्यावरील नगरपरिषदांनी भोगवटा प्रमाणपत्र देण्यापूर्वी काँक्रीटची प्रत आणि सळईवरील आच्छादन यांचे चाचणी अहवाल मागावेत आणि त्यांची प्रत संस्थेच्या दप्तरी ठेवण्याची सक्ती करावी. इमारतीस पंधरा वर्षे झाली की दर पाच वर्षांनी संरचनात्मक तपासणी करून घेण्याचे उपविधींत आहेच. ती प्रत्यक्षात किती संस्थांनी करून घेतली, याची यादी नगरपरिषदांनी या पावसाळ्याआधी मागवावी.