पाण्याचा हिशेब

लाडू वळताना साखरेचा भाव घरोघर निघतो. उसाने प्यालेल्या पाण्याचा कोणी काढीत नाही. नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात ते धनंजयराव गाडगीळांनी केले. केंब्रिजला शिकलेले, १९३० पासून पुण्याची गोखले संस्था चालविणारे हे अर्थशास्त्री. गोदावरी-प्रवरा कालव्यांनी लोकांच्या पदरात काय टाकले, याची त्यांची पाहणी १९४८ साली प्रसिद्ध झाली. पुढे गृहस्थ स्वतःच प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे अध्यक्ष! (पंडित सहसा काठावरच बरे असतात.) हिशेब होता लाभाचा, पाऊस लहरी झाल्यावर खर्चाची बाजू आता दिसते आहे. प्रवरा उगम पावते त्या सह्याद्रीच्या रक्षणाचा अहवाल २०११ साली त्यांचेच चिरंजीव माधवराव यांच्या समितीने दिला. पुढच्याच वर्षी सरकारने तो तपासायला दुसरी समिती नेमली.