अध्यक्षांचे आसन आणि गृहमंत्र्यांची खुर्ची

शिवराज पाटील चाकूरकर १२ डिसेंबर २०२५ रोजी लातूर येथे निवर्तले. लातूरचे नगराध्यक्ष, आमदार, विधानसभेचे अध्यक्ष, सलग सात वेळा लोकसभा सदस्य, लोकसभाध्यक्ष, राज्यसभा सदस्य, केंद्रीय गृहमंत्री, पंजाबचे राज्यपाल. एवढी पदे फार थोड्यांच्या वाट्याला येतात. मृत्यूनंतर दोष काढू नयेत, असा आपल्याकडे संकेत आहे. परंतु ज्याच्या हाती देशाची अंतर्गत सुरक्षा होती, त्याच्या कारकिर्दीचा हिशेब शोकसंदेशांत बुडवून कसा चालेल?

आधी जमेची बाजू. जुलै १९९१ मध्ये ते लोकसभाध्यक्ष झाले, तेव्हा नरसिंह राव यांचे सरकार अल्पमतात होते आणि समोर अडवाणी व वाजपेयी यांच्यासारखे विरोधक होते. अशा सभागृहात चाकूरकरांनी आसनाची प्रतिष्ठा सांभाळली, हे विरोधकांनाही मान्य करावे लागेल. १९९३ मध्ये मंत्रालयांशी संलग्न १७ स्थायी समित्या अस्तित्वात आल्या. तोवर अनेक खात्यांच्या मागण्या चर्चेविनाच मंजूर होत. आता त्या आधी समितीपुढे जाऊ लागल्या आणि तेथे सचिवांना सदस्यांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावी लागू लागली. प्रश्नोत्तराच्या तासाचे दूरदर्शनवरील थेट प्रक्षेपणही त्यांच्याच काळातले. संसद टिकली ती अशा निरस वाटणाऱ्या कामांवर.

योगायोग असा की, त्याच पाच वर्षांत गृहखाते नांदेडच्या शंकरराव चव्हाणांकडे होते. डिसेंबर १९९२ मध्ये संघावर बंदी घालणारे गृहमंत्री तेच. न्यायाधिकरणापुढे ती बंदी टिकली नाही. त्यांच्याशी मतभेद तीव्र होते. तरीही 'हेडमास्तर' म्हणून ओळखल्या गेलेल्या या माणसाचा प्रशासनावर वचक होता, आणि जायकवाडीसारखे काम त्यांच्या नावावर आहे.

हा वचक चाकूरकरांपाशी नव्हता. २००४ मध्ये लातूरच्या मतदारांनी रूपाताई पाटील निलंगेकर यांना निवडून देऊन त्यांना घरी बसवले. पण पक्षाने त्यांना राज्यसभेच्या वाटेने थेट गृहमंत्रालयात नेऊन बसवले. जनतेने नाकारलेल्याच्या हाती देशातील सर्वांत अवघड खाते द्यावे, हा कोणता न्याय? त्याच वर्षी 'पोटा' रद्द झाला. तो निर्णय एकट्या गृहमंत्र्यांचा नव्हता, समान किमान कार्यक्रमातच त्याचे वचन होते. मात्र त्याजागी पुरेसे काही उभे राहिले नाही. २००५ मध्ये दिल्ली, २००६ मध्ये मुंबईच्या लोकलगाड्या, २००८ मध्ये जयपूर, अहमदाबाद आणि पुन्हा दिल्ली. १३ सप्टेंबर २००८ च्या दिल्ली स्फोटांनंतर त्यांनी एका सायंकाळी अनेकदा पोशाख बदलल्याची चर्चा देशभर झाली. (नीटनेटका पोशाख हा काही गुन्हा नव्हे. परंतु त्या दिवशी लोकांना मंत्र्याची इस्त्री नव्हे, आधार हवा होता.) अध्यक्षाच्या आसनावर जो संयम शोभला, तो येथे निष्क्रियतेसारखा दिसू लागला.

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात १६६ जणांचे प्राण गेले. ३० नोव्हेंबरला चाकूरकरांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. पाठोपाठ बाभळगावचे विलासराव देशमुखही मुख्यमंत्रिपदावरून गेले. एकाच हल्ल्याने लातूरच्या दोन नेत्यांची पदे गेली. आणि डिसेंबरमध्ये त्याच सरकारने राष्ट्रीय तपास संस्थेचा कायदा केला, आरोपपत्राविना कोठडीची मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवण्याची तरतूद केली. चार वर्षे जे सुचले नाही, ते चार आठवड्यांत कसे सुचले?

दोघांचेही पुनर्वसन लवकरच झाले. विलासराव २००९ मध्ये केंद्रात मंत्री झाले, तर चाकूरकर जानेवारी २०१० मध्ये चंदीगडच्या राजभवनात गेले आणि २०१५ पर्यंत तेथे राहिले. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून पाणी घेऊन रेल्वेगाडी लातूरला आली. लोकसभेचा अध्यक्ष, देशाचा गृहमंत्री आणि राज्याचा मुख्यमंत्री देणाऱ्या या शहरात तेव्हा लोक घागरी घेऊन टँकरच्या रांगेत उभे होते.