फॉस्टसचा पश्चात्ताप : सामर्थ्याचा प्रश्न की इच्छेचा?

ख्रिस्तोफर मार्लोच्या ‘डॉक्टर फॉस्टस’ या शोकात्मिकेविषयी आपल्याकडील पदव्युत्तर वर्गांत जे सांगितले जाते, ते बहुतांशी ठरून गेलेले आहे. प्रबोधनकालीन मानवाची ज्ञानलालसा आणि मध्ययुगीन धर्मश्रद्धा यांच्या संघर्षात नायकाचा बळी जातो. रंगभूमीवर अवतरणारे सद्दूत आणि दुष्टदूत ही त्याच्या दुभंगलेल्या मनाची बाह्य रूपे होत. आणि महत्त्वाकांक्षेचा अतिरेक हा त्याचा प्रमाद. हॅरी लेव्हिन यांच्या १९५२ सालच्या ग्रंथाने मर्यादा उल्लंघणाऱ्या नायकाची जी प्रतिमा रूढ केली, तिचेच हे सुलभीकरण म्हणता येईल. हे विवेचन चुकीचे नाही; परंतु ते नाटकाच्या प्रारंभापुरतेच पुरते. ज्ञान की धर्म हा प्रश्न फॉस्टसने स्वतःच्या रक्ताने करार लिहिण्यापूर्वीच निकालात काढलेला असतो. पुढील चोवीस वर्षे त्याला जो छळतो तो प्रश्न निराळा आहे : परत फिरणे आपल्या हाती उरले आहे काय?

या प्रश्नाचे मोल संहितेच्या इतिहासावरूनही ध्यानात येते. मार्लो १५९३ मध्ये डेटफर्ड येथे मारला गेला. नाटक छापले गेले १६०४ मध्ये, आणि बऱ्याच वेगळ्या व विस्तृत रूपात पुन्हा १६१६ मध्ये. मधल्या काळात, १६०२ मध्ये, हेन्स्लो या नाट्यव्यवस्थापकाने बर्ड आणि रोली या दोघांना या नाटकात भर घालण्याबद्दल चार पौंड दिल्याची नोंद त्याच्या हिशेबवहीत सापडते. दोन्ही संहितांत एके ठिकाणी सद्दूत फॉस्टसला धीर देतो की अद्याप वेळ टळलेली नाही; मात्र पश्चात्तापाची अट सांगताना पहिल्या संहितेतील क्रियापद सामर्थ्यवाचक आहे, दुसरीतील इच्छावाचक. फरक एका सहायक क्रियापदाचा. पण त्याच्या अलीकडे एक ईश्वरशास्त्र आहे आणि पलीकडे दुसरे. मार्लोने ज्या केंब्रिजमधून १५८७ मध्ये एम.ए. पदवी घेतली, तेथे कॅल्व्हिनच्या पूर्वनियतीच्या सिद्धांताचा दबदबा होता. पश्चात्ताप हीदेखील ईश्वराची देणगी असेल आणि ती ज्याला मिळालेलीच नाही असा मनुष्य रडला, तर त्या रडण्याला काय म्हणावे?

मराठी वाचकाला ही अडचण प्रथमदर्शनी परकी वाटते, आणि ती तशी वाटणेच बोधप्रद आहे. भागवताच्या सहाव्या स्कंधातील अजामिळ मृत्युसमयी पुत्राला हाक मारतो. मुलाचे नाव नारायण, एवढ्यावर विष्णुदूत धावून येतात आणि यमदूतांना रोखतात. अनुताप त्याला होतो तो नंतर. फॉस्टसच्या बाबतीत नेमके उलट घडते. तो जाणीवपूर्वक, आर्ततेने ख्रिस्ताला हाक मारतो, आणि रंगभूमीवर येतो ल्युसिफर! ख्रिस्त न्यायी आहे म्हणूनच तो तुला वाचवू शकणार नाही, असा युक्तिवाद तो करतो. सैतानाचे बोलणे प्रमाण मानावे काय, हा प्रश्न फॉस्टस विचारीतच नाही. त्याऐवजी तो सात महापातकांचा तमाशा पाहतो आणि हरखून जातो.

म्हणजे मग तो असमर्थ आहे असे म्हणावे काय? तसे म्हणणेही नाटक सोपे ठेवीत नाही. पहिल्याच प्रवेशात बायबल चाळताना तो पापाचे वेतन मृत्यू एवढे वाचतो आणि त्याच वाक्यातील क्षमेचा उत्तरार्ध सोडून देतो. तर्कशास्त्रात मुरलेल्या पंडिताचे हे अर्धवट वाचन अनवधानाने झाले असे मानणे कठीण आहे. (१६१६ च्या संहितेत मेफिस्टोफिलिस शेवटी सांगतो की त्या वेळी पाने उलटणारा मीच होतो. इच्छेवर भर देणारी संहिताच येथे नायकाची जबाबदारी हलकी करते, हा विरोधाभास अभ्यासकांनी अधिक गांभीर्याने घ्यावयास हवा.) त्याहून निर्णायक आहे तो वृद्धाचा प्रसंग. मेफिस्टोफिलिसने हाती दिलेल्या खंजिराने फॉस्टस आत्मनाश करणार, तोच वृद्ध त्याला थांबवतो. फॉस्टस पश्चात्तापाची आणि निराशेची कबुली एका दमात देतो. मग देहाचे तुकडे करण्याची धमकी मिळताच तो क्षमा मागतो ती मेफिस्टोफिलिसमार्फत ल्युसिफरची, करार पुन्हा रक्ताने पक्का करतो, आणि आपल्याला वाचवू पाहणाऱ्या त्या वृद्धाचाच छळ करावा अशी मागणी करतो. ही मागणी त्याच्याकडून कोणी वदवून घेतलेली नाही. हेलनची याचना लगेच पुढे येते. येथे दिसते ते असामर्थ्य नव्हे. येथे इच्छा आहे, आणि ती क्रूर आहे.

फॉस्टसचे नैतिक द्वंद्व या दोन पुराव्यांच्या मध्ये उभे आहे. आपले हृदय पाषाण झाले आहे असे तो म्हणतो तेव्हा तो वस्तुस्थिती सांगतो की सबब, हे त्याला स्वतःलाही कळत नाही. तो स्वतःशी बोलताना वारंवार स्वतःला नावाने संबोधतो, जणू दुसऱ्या कोणाचा खटला चालला आहे. म्हणूनच दोन्ही दूतांना केवळ मनोवृत्तींची प्रतीके ठरविणे घाईचे होते. ‘कॅसल ऑफ पर्सिव्हिअरन्स’सारख्या जुन्या नीतिनाट्यात हेच दूत मानवाच्या दोन्ही बाजूंना उभे असतात, आणि तेथे अखेरीस दया त्याला सोडवते. मार्लोने रचना तीच ठेवली व सुटका काढून घेतली. दूत मनातलेच असतील तर उरते ती एका खचलेल्या माणसाची मानसचिकित्सा. ते खरोखर बाहेरून बोलत असतील तरच सद्दूताच्या आश्वासनाला खरे वा खोटे असण्याचा धोका उरतो.

डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रेग यांनी १९५० मध्ये दोन्ही संहिता समोरासमोर छापल्या आणि कौल दिला तो १६१६ च्या बाजूने. पुढे पारडे फिरले. १९९३ च्या बेव्हिंग्टन व रासमुसेन यांच्या आवृत्तीत दोन्ही स्वतंत्र नाटके म्हणून छापली आहेत. असे असताना अध्यापनात दोहोंची सरमिसळ असलेली प्रत वापरणे आणि मग नायकाच्या अंतर्द्वंद्वावर निश्चित विधाने करणे, हे समर्थनीय नाही. वर्गासाठी १६०४ ची संहिता घ्यावी, दुसरी हाताशी असावी. शेवटच्या तासातील स्वगतात फॉस्टस रात्रीचे घोडे सावकाश धावोत असे लॅटिनमध्ये म्हणतो. मूळ ओव्हिडमध्ये हे प्रियेच्या कुशीतील प्रियकराचे मागणे आहे. ग्रंथ जाळण्याची तयारी तो दाखवतो ती सैतान आल्यावर. १६१६ मध्ये यानंतर विद्यार्थी येतात, त्याचे छिन्न अवयव त्यांना दिसतात आणि ते सन्मानाने दफनाचे ठरवतात. १६०४ मध्ये हा प्रवेश नाही. तेथे मेफिस्टोफिलिसचे नाव घेऊन फॉस्टस ओढला जातो आणि लागलीच सूत्रधाराचे भाषण सुरू होते.