दोष कोणाचा?

आमच्या हर्नडनमध्ये नेटवर्क सोल्युशन्सचे कार्यालय होते. १७ जुलै १९९७ च्या पहाटे तेथून ‘डॉट कॉम’ व ‘डॉट नेट’ची बिघडलेली यादी बाहेर गेली. धोक्याची सूचना मिळूनही कर्मचाऱ्याने ती पाठवली आणि असंख्य संकेतस्थळे सापडेनाशी झाली. वापरणाऱ्यांचा त्यात काहीच दोष नव्हता.

‘सर्व्हर सापडला नाही’ म्हणजे नावाचा पत्ता लागला नाही. दुसरे संकेतस्थळ उघडून पाहावे. तेही उघडले नाही तर आपली जोडणी तपासावी. ४०४ म्हणजे सर्व्हर भेटला, पान नाही. ५०० ते ५०४ म्हणजे बिघाड त्यांच्याकडे, थांबावे.

भारतातले आपले आईवडील मात्र “माझ्याच हातून काही बिघडलं” म्हणून फोन बाजूला ठेवतात. बँक फोनवर आणली, तर दोष कोणाचा हेही बँकेने मराठीत सांगायला हवे. तोवर रविवारच्या फोनवर आपण सांगू या.