शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा

'शुश्रूषा' हा शब्द संस्कृतातील 'श्रु', म्हणजे ऐकणे, या धातूच्या इच्छार्थक रूपापासून तयार झाला असून त्याचा मूळ अर्थ 'ऐकण्याची इच्छा' एवढाच आहे. गुरूचे ऐकावेसे वाटणे, त्यावरून गुरूची सेवा आणि त्यावरून आजाऱ्याची सेवा असे वळण घेत तो मराठीत आला आणि परिचारिकेच्या कामापाशी स्थिरावला. या प्रवासात ऐकण्याचा भाग मात्र वाटेत गळून पडला. आज शुश्रूषा म्हटले की औषधांच्या वेळा, अंग पुसणे, कूस बदलून देणे, सलाईनच्या बाटलीवर लक्ष ठेवणे हे सारे आठवते, पण रुग्ण काय सांगू पाहतो आहे ते ऐकणे हे कोणाचे नेमलेले काम आहे असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. प्रस्तुत दिवाळी अंकाचा मुख्य विभाग आजारपण आणि सोबत या विषयाला वाहिलेला आहे. म्हणून, ऐकणे हेच ज्याचे मुख्य काम होऊन बसले अशा एका परदेशी व्यवसायाची घडण येथे थोडी सविस्तर पाहणे योग्य ठरेल. तो व्यवसाय म्हणजे रुग्णालयातील चॅप्लेनचा.

चॅप्लेन म्हणजे चर्चमध्ये न बसता एखाद्या संस्थेत, म्हणजे सैन्यात, तुरुंगात, विद्यापीठात किंवा रुग्णालयात, नेमलेला धर्मसेवक. संत मार्टिनने थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपल्या झग्याचा अर्धा भाग कापून दिला अशी कथा आहे, आणि पुढे त्या पवित्र मानल्या गेलेल्या झग्याची राखण करणाऱ्या धर्मगुरूंना जे लॅटिन नाव मिळाले त्यावरून हा शब्द आला असे व्युत्पत्तिकार सांगतात. शतकानुशतके या माणसाचे काम ठरलेले होते: प्रार्थना म्हणणे, पापनिवेदन ऐकणे, मरणोन्मुख माणसाला तेल लावण्याचा संस्कार करणे. या कामासाठी दीक्षा पुरेशी होती. वेगळ्या प्रशिक्षणाची गरज आहे असे कोणाला वाटले नव्हते. वय झालेला, प्रवचनात फारसा न रमणारा धर्मगुरू रुग्णालयात पाठवायचा, असा प्रघातही अनेक ठिकाणी होता.

हे चित्र बदलले ते अमेरिकेत, आणि बदलणारा माणूस स्वतः मनोरुग्णालयातून बाहेर आलेला होता. अँटन बॉइसेन (1876–1965) या धर्मोपदेशकाला 1920 मध्ये तीव्र मनोविकाराचा झटका आला आणि सुमारे सव्वा वर्ष त्याला मॅसॅच्युसेट्समधील मनोरुग्णालयांत काढावे लागले. तेथे त्याच्या ध्यानात आले की, डॉक्टर त्याच्या भ्रमांची नोंद करत होते पण त्या भ्रमांचा अर्थ त्याला कोणी विचारत नव्हते, आणि भेटीला येणारे धर्मोपदेशक अर्थाबद्दल बोलत होते पण त्यांना आजाराबद्दल काहीच कळत नव्हते. बरा झाल्यावर 1924 मध्ये तो वूस्टर येथील सरकारी मनोरुग्णालयात चॅप्लेन म्हणून रुजू झाला आणि 1925 च्या उन्हाळ्यात त्याने धर्मशास्त्राच्या चार विद्यार्थ्यांना तेथे बोलावले. या विद्यार्थ्यांनी दिवसभर वॉर्डात मदतनिसाचे काम करायचे, रुग्णांना न्हाऊ-जेवू घालायचे, आणि संध्याकाळी पाहिले-ऐकलेले लिहून त्यावर चर्चा करायची, अशी रीत होती. धर्मशास्त्र ग्रंथांतून शिकतात तसेच ते माणसांतूनही शिकावे, कारण प्रत्येक रुग्ण हा एक जिवंत मानवी दस्तऐवज आहे, अशी बॉइसेनची भूमिका होती. पुढे मनोकायिक वैद्यकाच्या, म्हणजे मनाचा आणि शरीराच्या आजाराचा संबंध तपासणाऱ्या शाखेच्या, आद्य अभ्यासकांपैकी एक ठरलेल्या हेलन फ्लँडर्स डनबर या त्याच विद्यार्थ्यांतल्या.

बॉइसेनच्या पाठीशी उभे राहिले ते डॉ. रिचर्ड कॅबट, ज्यांनी 1905 मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात वैद्यकीय समाजकार्याचा पाया घातला होता. डॉक्टर होण्यासाठी रुग्णशय्येपाशी शिकावे लागते, मग धर्मोपदेशकाला ती सूट का, असा रोकडा प्रश्न कॅबट यांनी 1925 मध्ये एका लेखातून विचारला आणि धर्मशास्त्राच्या अभ्यासक्रमात रुग्णालयातील एक वर्ष असावे अशी मागणी केली. 1930 मध्ये या प्रशिक्षणासाठी एक परिषद स्थापन झाली. पण त्याच वर्षी बॉइसेनला पुन्हा झटका आला, आणि मनोविकाराचे कारण शरीरात शोधले पाहिजे असे ठामपणे मानणाऱ्या कॅबट यांनी त्याला प्रशिक्षणाच्या कामातून दूर केले. आजारी माणसाचा अनुभव हे ज्ञानाचे साधन आहे या विचारावर उभ्या राहिलेल्या व्यवसायाने आपल्या संस्थापकाला आजारी आहे म्हणून दाराबाहेर ठेवले, ही गोष्ट त्या व्यवसायाच्या गौरवग्रंथांत जेवढ्या ठळकपणे यायला हवी तेवढी येत नाही.

तरीही या व्यवसायाला खरा कणा मिळाला तो कॅबट यांचे सहकारी रसेल डिक्स यांच्या एका साध्या सवयीतून. डिक्स रुग्णाशी झालेले बोलणे भेटीनंतर आठवेल तसे, शब्दाला शब्द, लिहून काढत: रुग्ण काय म्हणाला, त्यावर आपण काय म्हणालो, तो कोठे गप्प झाला, विषय कोणी बदलला. कॅबट आणि डिक्स यांनी रुग्णसेवेच्या कलेवर 1936 मध्ये एकत्र ग्रंथ लिहिला आणि संवादलेखनाची ही पद्धत पुढे सर्वत्र प्रशिक्षणाचा गाभा ठरली. विद्यार्थी असा संवाद गटापुढे वाचतो आणि गट व मार्गदर्शक त्याला विचारतात की, अमुक ठिकाणी तू प्रार्थना सुरू केलीस ती रुग्णाला हवी होती म्हणून, की तुला तेथून सुटका हवी होती म्हणून.

या प्रश्नाची धार मराठी कानाला कळावी म्हणून एक कल्पित संवाद पाहता येईल. दर वर्षी वारीला जाणारा एखादा रुग्ण म्हणतो, "पुढच्या आषाढीला काही मी नाही." शहाळे घेऊन भेटायला आलेला पाहुणा चटकन म्हणतो, "असं अभद्र बोलू नये, पुढच्या वर्षी आपण बरोबर जाऊ," आणि लगोलग, मावशींनाही असेच झाले होते पण आज त्या खडखडीत आहेत, ही हकिगत सांगतो. पाहुण्याचा हेतू चांगला आहे, त्याचे प्रेमही खरे आहे. पण संवाद कागदावर उतरला की दिसते ते असे की, रुग्णाने दार किलकिले केले होते आणि पाहुण्याने ते लोटून घेतले. रुग्णाला कदाचित मरणाबद्दल बोलायचे होते, कदाचित चुकलेल्या वाऱ्यांबद्दल, कदाचित मुलाशी धरलेल्या अबोल्याबद्दल. ते आता कळणार नाही. आपल्याकडे याला धीर देणे म्हणतात, आणि तो बहुतेक वेळा देणाऱ्याच्याच कामी येतो. चॅप्लेनच्या व्यवसायाचे मोठेपण त्याच्या प्रार्थनांत नाही. ज्याला जग जन्मजात चांगुलपणा समजते ते धीर देण्याचे काम त्याने तपासण्याजोगे, चुकण्याजोगे आणि म्हणून शिकण्याजोगे केले, यात ते आहे.

त्यानंतरचा संस्थात्मक इतिहास थोडक्यात सांगता येतो. वेगवेगळ्या परंपरांतून चाललेल्या प्रशिक्षणसंस्था 1967 मध्ये एकत्र आल्या. प्रशिक्षणाचे एक सत्र चारशे तासांचे, आणि व्यावसायिक प्रमाणपत्रासाठी अशी चार सत्रे, म्हणजे सोळाशे तास, असा दंडक अमेरिकेत रूढ झाला. त्याखेरीज धर्मशास्त्रातील किंवा तत्सम विषयातील पदव्युत्तर शिक्षण, स्वतःच्या धर्मसमुदायाची मान्यता, परीक्षक मंडळापुढे मुलाखत आणि प्रमाणपत्र टिकवण्यासाठी सततचे शिक्षण अपेक्षित असते. कॅथलिक चॅप्लेनांची राष्ट्रीय संघटना 1965 मध्ये आणि ज्यू चॅप्लेनांची 1990 मध्ये स्थापन झाली. आता मुस्लिम, बौद्ध आणि हिंदू चॅप्लेनही या व्यवस्थेत काम करतात. चॅप्लेन रुग्णाच्या कागदपत्रांत नोंद करू लागला तेव्हा नवाच पेच उभा राहिला: विश्वासाने सांगितलेले गुपित किती लिहायचे आणि उपचार करणाऱ्या चमूला कळणे आवश्यक ते किती. हा पेच पूर्ण सुटलेला नाही, आणि तो सुटू नये हेच बहुधा बरे.

इंग्लंडमध्ये या विचाराला वेगळी दिशा मिळाली ती सिसिली सॉन्डर्स यांच्यामुळे. त्या आधी परिचारिका, मग रुग्णालयातील समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झाल्या, आणि 1967 मध्ये लंडनमध्ये त्यांनी सेंट क्रिस्टोफर्स हे हॉस्पिस, म्हणजे बरे न होणाऱ्या रुग्णांचा शेवटचा काळ सुसह्य करणारे निवासी शुश्रूषाकेंद्र, सुरू केले. वेदना केवळ शरीराची नसते, तिच्यात मनाचा, नात्यांचा आणि अर्थाच्या शोधाचाही वाटा असतो, या त्यांच्या मांडणीला 'समग्र वेदना' असे नाव मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेने 2002 मध्ये परिहार सेवेची, म्हणजे आजार बरा करण्याऐवजी त्रास कमी करण्यावर भर देणाऱ्या वैद्यकाची, व्याख्या केली तेव्हा शारीरिक आणि मानसिक-सामाजिक समस्यांच्या जोडीने आध्यात्मिक समस्यांचाही उल्लेख केला.

'आध्यात्मिक' म्हणजे नेमके काय, या प्रश्नावर मात्र या क्षेत्राचे पाय अजून डळमळतात. अर्थ, हेतू, आणि स्वतःशी, इतरांशी, निसर्गाशी किंवा पवित्र वाटणाऱ्या गोष्टीशी असलेले नाते, अशी एक व्यापक व्याख्या अमेरिकेतील अभ्यासकांनी 2009 मध्ये सहमतीने केली. पण जिच्या बाहेर काहीच उरत नाही अशी व्याख्या फार उपयोगाची नसते. या सैलपणाचा एक फायदा मात्र झाला: धर्म न मानणाऱ्या रुग्णालाही दार उघडले. नेदरलँड्समध्ये मानवतावादी, म्हणजे कोणत्याही ईश्वराचा आधार न घेणारे, सेवक रुग्णालयांत काम करतात, आणि इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने 2015 च्या मार्गदर्शिकेत धर्म नसलेल्यांच्या गरजाही विचारात घेतल्या. प्रार्थनेने आजार बरा होतो असा दावा या व्यवसायाचा नाही, हेही येथे स्पष्ट व्हावे. हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या अठराशेहून अधिक रुग्णांवरील 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात अनोळखी लोकांनी केलेल्या प्रार्थनेचा लाभ दिसला नाही. उलट आपल्यासाठी प्रार्थना चालू आहे हे ज्यांना पक्के माहीत होते त्यांच्यात गुंतागुंत किंचित अधिक आढळली.

महाराष्ट्रात हा विषय निघाला की शंका येते ती बुवाबाजीची, आणि ती शंका रास्त आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर 2013 मध्ये झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात, साप-विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा ठरवावा लागला. रुग्णालयाच्या दाराशी गणपतीचे छोटे देऊळ असते, त्याला कोणाची हरकत नसते. पण अतिदक्षता विभागात कोणी अध्यात्माचा अधिकारी बसणार म्हटले तर अर्धे डॉक्टर आणि सगळे विवेकवादी उठून उभे राहतील, आणि त्यांचे चुकणार नाही.

तथापि, मराठी समाजात हे काम होत नव्हते असे नाही. उशाशी तुळशीपत्र आणि गंगाजल ठेवणारी सून, संध्याकाळी हरिपाठ म्हणणारा भाऊ, रोझरी म्हणणारी वसईची आजी, यासीन वाचणारा मुलगा, परित्राणपाठ म्हणणारी वस्ती, हे सारे विनावेतन आणि विनाप्रशिक्षण ते करत आले. घरातले मरण रुग्णालयात गेले आणि अतिदक्षता विभागाच्या काचेच्या दाराने या सर्वांना बाहेरच्या बाकावर बसवले. 2020 आणि 2021 मध्ये तर तो बाकही उरला नाही, आणि पीपीई किटमधील परिचारिकांनी फोन रुग्णाच्या कानाशी धरून जे केले त्याला कोणत्याच नोंदवहीत रकाना नव्हता. नातेवाइकांचे काम काढून घेतले गेले, पण ते दुसऱ्या कोणाला दिले गेले नाही. पूर्वीचे सगळे गोडच होते असेही मानण्याचे कारण नाही, कारण आजाऱ्याला त्याचा आजार न सांगण्याचा कट बहुतेक वेळा याच प्रेमळ माणसांनी रचलेला असतो.

ज्यांच्या आधाराने काही उभारता येईल अशा जागा येथे आहेत. देशातील पहिले हॉस्पिस मानले जाणारे शांती अवेदना सदन 1986 मध्ये वांद्र्याला सुरू झाले, पुढे त्याची शाखा गोव्यातही निघाली, आणि तेथे कोणत्याही धर्माच्या कर्करुग्णाची विनामूल्य शुश्रूषा होते. पुण्यात वारज्याला सिप्लाचे परिहार सेवा केंद्र 1997 पासून रुग्णासोबत कुटुंबालाही तयार करते. कॅबट यांच्याशी धागा तर थेट जुळतो: कॅबट आणि डिक्स यांचा ग्रंथ निघाला त्याच 1936 साली मुंबईत क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकी मिशनऱ्याच्या संचालकत्वाखाली टाटांची समाजकार्याची शाळा सुरू झाली, आणि 1946 मध्ये जे. जे. रुग्णालयात देशातील पहिला वैद्यकीय समाजसेवक नेमला गेला. ते पद आजही मोठ्या सरकारी आणि पालिका रुग्णालयांत आहे, पण त्याचा दिवस उपचाराच्या खर्चासाठी ट्रस्टांना पत्रे लिहिण्यात आणि शिधापत्रिकेच्या प्रती तपासण्यात संपतो.

म्हणून महाराष्ट्राने चॅप्लेनचे पद आयात करण्याची गरज नाही. भगवा, हिरवा, निळा वा पांढरा कोणताही झगा वॉर्डात नको. आयात करायचीच तर डिक्स यांची वही करावी. वैद्यकीय समाजसेवक, परिचारिका आणि हॉस्पिसचे स्वयंसेवक यांना आठवड्यातून एक तास मिळावा, त्यांनी एक संवाद लिहून आणावा आणि जाणत्या मार्गदर्शकासमोर तो तपासून घ्यावा, एवढ्यासाठी नवा कायदा लागत नाही आणि नवी इमारतही लागत नाही.

वाचकांकडेही एक मागणे आहे. गेल्या काही वर्षांत ज्यांनी कोणाच्या उशाशी रात्री काढल्या असतील, त्यांनी त्यातला एक संवाद आठवेल तसा, शोभेसाठी दुरुस्त न करता, स्वतःची वाक्ये न गाळता, दोन पानांत लिहून संपादक मंडळाकडे पाठवावा. निवडक संवाद पुढील दिवाळी अंकात अभ्यासकांच्या टिपणांसह छापले जातील. रुग्णाचे, डॉक्टरांचे आणि रुग्णालयाचे नाव त्यात नसावे.