खडू की पिस्तूल?

अमेरिकेतील टेनेसी राज्याने २०२४ साली शिक्षकांना शाळेत छुपे पिस्तूल बाळगण्याची मुभा देणारा कायदा केला. आदल्याच वर्षी तेथील नॅशव्हिल शहरी एका शाळेत ३ बालके व ३ प्रौढ गोळीबारास बळी पडले होते. पालकांची भीती आम्ही क्षुल्लक मानीत नाही. खेड्यात पोलीस पोहोचेपर्यंत अनर्थ होऊन जातो, हा युक्तिवादही पोकळ नव्हे. कायद्याने परवाना, मानसिक तपासणी व दरवर्षी ४० तासांचे प्रशिक्षण ही बंधने घातली आहेत, हेही खरे.

परंतु २०२२ साली टेक्ससमधील युवाल्डी येथे ३७६ सशस्त्र अधिकारी जमूनही मारेकऱ्याला गाठण्यास ७७ मिनिटे लागली. १९ मुले व २ शिक्षिका प्राणास मुकल्या. जेथे कसलेल्या दलाची ही गत, तेथे भेदरलेल्या मुलांच्या गर्दीतून गुरुजींनी अचूक नेम साधावा, ही अपेक्षा कोणत्या न्यायाची? शिवाय पिस्तूल कोणाजवळ आहे, हे पालकांना कळवावयाचे नाही!

आम्हीही एके काळी वर्गात उभे राहिलो आहो. शिक्षक दिवसातून दहा वेळा डस्टर कोठे तरी विसरतो. त्या जागी पिस्तूल असले तर?

युवाल्डीच्या १८ वर्षांच्या मारेकऱ्याने आपली रायफल कायदेशीरपणेच विकत घेतली होती. बंद करावयाचे दार ते आहे. ते उघडे ठेवून शिक्षकाच्या हाती शस्त्र देणे म्हणजे शासनाने आपल्या कर्तव्यातून अंग काढून घेणे होय.