चाळिशीतली दहावी आणि आपला कारखाना



एका मार्च महिन्यातली गोष्ट. आमच्या गटातले एक सभासद दहावीच्या परीक्षेचे हॉल तिकीट घडी घालून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवून घरातून निघाले. पारावरच्या मंडळींनी हटकले, तर म्हणाले, "तालुक्याला खताची चौकशी करून येतो." वय बेचाळीस. तीन एकर ऊस, दोन म्हशी आणि आपल्याच कारखान्यात मिलवर हंगामी नोकरी. नववीत असताना वडील अंथरुणाला खिळले, तेव्हा सुटलेली शाळा सुटलीच. आता थोरला मुलगा कॉलेजात जातो. हा माणूस काही चोरी करायला निघाला नव्हता, पण गावाला तोंड चुकवीत चालला होता.

बाकीचे सगळे विषय निघाले, गणित राहिले. ते का राहिले, हे ऐकण्यासारखे आहे. त्या आठवड्यात त्यांची पाळी रात्री बारा ते आठची होती. पाळी बदलून मिळावी म्हणून त्यांनी अर्ज केला आणि कारण लिहिले, 'घरगुती काम'. खरे कारण लिहायची लाज वाटली. ऐन गळिताच्या दिवसांत घरगुती कामासाठी पाळी कोण बदलून देतो? सुपरवायझरने अर्ज परत केला, त्याचेही चुकले म्हणता येत नाही. सकाळी आठला मिलवरून सुटून, अंगावरची मळी धुऊन, हे गृहस्थ अकराच्या पेपरला बसले आणि दुसऱ्याच प्रश्नावर त्यांचा डोळा लागला. बाईंनी दोनदा जागे केले म्हणतात.

आमचे म्हणणे या एका प्रसंगात आले आहे. मोठ्या माणसाला पुन्हा शिकायचे म्हटले, तर पैसा ही फार मोठी अडचण नाही. अडचणी दोन, लाज आणि सवड. यातली पहिली आपण गावाने घालवायची आहे, दुसरी कारखान्याने.

लाजेचे आधी बोलू. "आता या वयात काय पाटी-दप्तर घेऊन बसतोस लेका?" हे वाक्य आपल्या प्रत्येक गावात आहे, आणि बोलणारा माणूस वाईट नसतो, गमतीने बोलतो. पण ते ऐकणाऱ्याचे पुस्तक पुन्हा कोनाड्यात जाते. जोतीराव फुल्यांची मधे शाळा सुटली होती, मळ्यात काम करीत होते. १८४१ साली ते पुन्हा शाळेत गेले. सावित्रीबाई शिकल्या त्या लग्न झाल्यावर. आणि १८५५ साली या दोघांनी पुण्यात दिवसभर राबणाऱ्या शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा काढली. म्हणजे हे खूळ आजचे नव्हे, पावणेदोनशे वर्षांच्या घरातले आहे.

यावर एक ठरलेले उत्तर येते. "दादा किती शिकले होते? विखे पाटील किती शिकले होते? कारखाने काढलेच ना?" काढले, आणि आपण त्यांच्याच पुण्याईवर ऊस घालतो आहोत. पण फारसे शालेय शिक्षण न मिळालेल्या या माणसांनी पुढे काय केले तेही पाहा. विठ्ठलरावांच्या पुढाकाराने लोणीला कारखाना उभा राहिला, १९५० साली पहिला हंगाम झाला. पुढे त्याच प्रवरेच्या परिसरात शाळा आणि कॉलेजे आली. वसंतदादांनी मुख्यमंत्री असताना १९८३ साली विनाअनुदान इंजिनिअरिंग कॉलेजांना वाट करून दिली. शिक्षणावाचून काय अडते, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक होते. त्यांचे नाव शाळा टाळायला वापरू नये.

"शिकून तरी नोकऱ्या कुठं आहेत?" हा दुसरा प्रश्न मात्र खरा आहे, तो आम्ही उडवून लावणार नाही. चाळिशीत दहावी झाल्याने कुणाला कारकुनी लागेल असे आश्वासन आम्ही देत नाही. फिटर-इलेक्ट्रिशियनच्या आयटीआयला दहावी लागते हे खरे, पण त्या वाटेने तरुण पोरे जातील. आमच्या सभासदाचा फायदा दुसरीकडे आहे. २०२४-२५ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला टनी ३,४०० रुपये एफआरपी ठरवली होती, आणि त्यावर दर ०.१ टक्का उताऱ्याला टनी ३३ रुपये २० पैसे वाढ. उतारा ११.२५ धरला तर टनी ३,७३२ रुपये होतात, त्यातून तोडणी-वाहतूक वजा. हे गणित शाळेतल्या शेकडेवारीच्या पलीकडचे नाही. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, उशीर झाला तर सालीना १५ टक्के व्याज. किती सभासदांनी हे व्याज कधी कागदावर मांडून पाहिले आहे? वार्षिक अहवाल घरोघर येतो, त्याच्या पानांत भाकरी बांधून नेलेल्याही आम्ही पाहिल्या आहेत. ज्याला ताळेबंद वाचता येतो त्याचा सभेतला प्रश्न वेगळा असतो. संचालक मंडळींना हे आवडो न आवडो, कारखाना त्या प्रश्नावरच टिकतो.

भगिनींची गोष्ट थोडी निराळी. शेअर त्यांच्या नावावर, सही दाखवतील तिथे. लग्नाच्या पायी आठवी-नववीत शाळा सुटलेल्या कितीतरी जणी गटात आहेत. त्यांना लाज कमी आणि हौस जास्त असते, असा आमचा अनुभव. पण संध्याकाळची धार कोण काढणार, हे घरात आधी ठरले पाहिजे.

वाट आता पूर्वीइतकी अवघड राहिलेली नाही. राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी-बारावीला बाहेरून बसता येते. शाळा सोडल्याचा दाखला मात्र आजच शोधून ठेवावा, पुष्कळांचे घोडे तिथेच अडते. मार्चमध्ये राहिलेला विषय त्याच वर्षीच्या पुरवणी परीक्षेत देता येतो, आणि ती नेमकी बिगर हंगामात येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची तऱ्हा तर आपल्यासारख्यांना अधिकच सोयीची: पाच वर्षांत नऊ संधी, जमेल तसे एकेक-दोनदोन विषय सोडवावेत. बारावी झाली की १९८९ साली स्थापन झालेले नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहेच.

राहिला कारखाना. दहावीची मुख्य परीक्षा मार्चमध्ये आणि आपले गळीतही त्या दिवसांत चालू. परीक्षा आपण हलवू शकत नाही, पाळी हलवू शकतो. म्हणून आमची मागणी अशी की, रजेच्या अर्जात 'परीक्षा' हे कारण छापीलच असावे, म्हणजे लिहायची लाज वाटणार नाही. पेपरच्या आदल्या रात्रीची पाळी त्या कामगाराला लावू नये. आणि बिगर हंगामात गट ऑफिसची एक खोली रात्री आठ ते दहा उघडी ठेवावी, दोन बल्ब आणि एक फळा एवढ्यावर भागेल. गावात निवृत्त मास्तर आहेत. बोलावले तर येतील, गणिताचे तर नक्की येतील.

सतरा नंबरचे फॉर्म साधारण पावसाळ्यात निघतात, आणि आपली वार्षिक सभाही सप्टेंबरअखेरच्या आत होते. हा विषय आम्ही सभेपुढे मांडणार आहोत. ज्यांना पाठिंबा द्यायचा आहे त्यांनी गट ऑफिसात नाव द्यावे. ज्यांना स्वतः बसायचे आहे त्यांनीही. वर सांगितलेल्या सभासदांनी आपले नाव घालू नका म्हणून बजावले होते, ते आम्ही पाळले आहे. गणिताचा पेपर त्यांनी पुरवणीला पुन्हा दिला. या खेपेला पारावर विचारले तेव्हा मात्र म्हणाले, "परीक्षेला चाललोय, दुसरं काय?"